अर्धा अधिक एक तृतीयांश

प्रिय टेसा,

फोन असताना पत्र कशाला, असं तू म्हणशीलच. अगं, फोनवर तू मला तीन वाक्यांत गुंडाळतेस: ठीक आहे, बघते, ठेवते आता. मला मध्येच कुणी तोडणार नाही असं बोलायचं होतं, म्हणून स्वयंपाकघरातल्या टेबलावर कागद घेऊन बसले आहे. बाबा ट्रक घेऊन टेनेसीकडे गेलाय, उद्या संध्याकाळी येईल. बाहेर मार्चचा चिखल आहे आणि आतही चिखलच आहे, कारण कुत्र्याला पाय पुसायची अक्कल नाही आणि मला आज फरशी पुसायचा उत्साह नाही. तेव्हा सवडीने वाच, पण पुरतं वाच. मी तुला ओळखते. पहिलं पान वाचशील आणि बाकीची उशीखाली सारशील. तसं करू नकोस.

आधी माझं सांगते, कारण माझं कुणी विचारत नाही. नाताळात तू घरी होतीस तेव्हा मी नर्सिंगच्या कोर्सचा विषय काढला होता, आठवतं? तू पर्सिमनच्या फळांचं पुडिंग चमच्याने थेट भांड्यातूनच खात होतीस. म्हणालीस, "आई, या वयात?" आणि माझं तोंड बघून लगेच, "म्हणजे, छान आहे." तुझ्या त्या 'म्हणजे'वर मी नंतर कितीतरी वेळ हसत होते. पण खरं सांगते, मला हे हवंय. कुठल्याच गोष्टीची मला इतकी आस लागली नव्हती. वृद्धाश्रमात मी इतकी वर्षं म्हाताऱ्यांना उचलतेय, न्हाऊ घालतेय, भरवतेय. गोळ्यांची ढकलगाडी माझ्या नाकासमोरून जाते आणि मला तिला हात लावता येत नाही. ती गाडी कॉनी ढकलते, कारण कॉनीकडे नर्सचा परवाना आहे. गोळ्या देऊन झाल्या की ती खुर्चीत बसून नोंदी लिहिते. मला ती खुर्ची हवी आहे, पोरी. उगाच सेवाबिवा म्हणून मोठेपणा कशाला घेऊ? माझी पाठ म्हणतेय, बाई, आता पुरे. आणि दुसरं असं की एखादं म्हातारं माणूस कण्हत असताना 'थांबा हं, नर्सला बोलावते' एवढंच म्हणत दाराकडे पळायचा मला कंटाळा आलाय. एकदा तरी ती नर्स मीच असावं असं वाटतं.

तर नर्सिंगचा वर्ग ऑगस्टमध्ये सुरू होतो, आणि त्याची यादी मार्चअखेर लागते. यादीत नाव लागायचं तर गणित पास झालेलं हवं. कॉलेजवाल्यांनी आधी पारख करायला म्हणून मला संगणकासमोर बसवलं. ते यंत्र महा लबाड असतं, हे मला कुणी सांगितलं नव्हतं. उत्तर बरोबर आलं की पुढचा प्रश्न ते अवघड विचारतं, चुकलं की सोपा. मी चुकत गेले, प्रश्न सोपे होत गेले, आणि मला आपलं वाटत राहिलं की आता मला जमायला लागलंय. शेवटी शेवटी तर मी खुर्चीत ताठ बसून फटाफट कळा दाबत होते. निकाल पडद्यावर आला तेव्हा तिथल्या मुलीने तो वाचला, माझ्याकडे पाहिलं आणि अगदी गोड आवाजात म्हणाली, "म्हणजे आपण पायापासून सुरुवात करू या." पाया म्हणजे सगळ्यात खालचा वर्ग. बेरीज, वजाबाकी, पाढे, अपूर्णांक, दशांश चिन्ह, टक्के. त्याचे गुण पदवीतही धरत नाहीत. कॉलेजात जाऊन पाचवीचं गणित करायचं, तेही आपल्या गावातल्या निम्म्या लोकांच्या देखत. मी गाडीत येऊन बसले तेव्हा माझे कान तापले होते.

तरी गेले. मंगळवार आणि गुरुवार, कामावरून थेट, अंगावर तोच वृद्धाश्रमाचा झगा. शेजारी डेल्मर बसायचा. तुला आठवेल, चर्चमध्ये प्रार्थना चालू असताना घोरणारा डेल्मर. त्याचा कारखाना बंद पडला, आता त्याला पाणीपुरवठ्यात नोकरी हवी आहे आणि तिथेही गणिताचा दाखला मागतात. पहिल्याच दिवशी तो माझ्या कानाशी लागून म्हणाला, "नोरीन, मी तुझं बघून लिहीन." मी म्हटलं, "बाबा रे, मग आपण दोघंही बुडालो." आणि शिकवायला कोण, तर प्रुइट सर. हो, तेच, शनिवारी बास्केटबॉलच्या सामन्यांना पंच असायचे ते. त्यांच्या एका शिटीवरून आपलं अख्खं गाव महिनाभर भांडत होतं. मला बघून म्हणाले, "गुण लिहिणाऱ्या बाई इकडे कुठे?" मी म्हटलं, "सर, इथे मी खेळायला आले आहे." वर्ग हसला आणि माझी भीड जरा चेपली.

घोटा कसा आहे तुझा? बर्फ लावतेस ना? कोच काय म्हणाल्या, परत खेळायला कधी घेणार?

आता खरी गंमत ऐक. तुझ्या जन्माच्या आधीपासून मी शाळेच्या सामन्यांना गुण लिहायला बसतेय. शुक्रवारची संध्याकाळ, जिम गच्च भरलेलं, पॉपकॉर्नचा वास, आणि मी मधल्या टेबलाशी काळ्यापांढऱ्या पट्ट्यांचा शर्ट घालून. आपल्या इंडियानात माणूस एकवेळ स्वतःच्या लग्नाला उशिरा जाईल, सामन्याला नाही जाणार. एखाद्या पोरीने पहिल्या अर्ध्यात चारपैकी दोन चेंडू रिंगमध्ये टाकले आणि दुसऱ्या अर्ध्यात सहापैकी तीन, तर सामना संपला की मी लिहिते दहापैकी पाच. वरचा आकडा वरच्यात मिळवायचा, खालचा खालच्यात. चुकायचा प्रश्नच नाही. गॅरेजवरच्या रिंगखाली मी तुलाही हेच शिकवलं. तू इवलीशी होतीस, चेंडू तुझ्याहून मोठा दिसायचा, आणि आत पळत येऊन सांगायचीस, "आई, पाचपैकी दोन, मग पाचपैकी तीन, म्हणजे दहापैकी पाच." शेजारच्या बायका तोंडात बोट घालायच्या. मला केवढा अभिमान वाटायचा म्हणून सांगू.

तर प्रुइट सरांनी फळ्यावर लिहिलं, अर्धा अधिक एक तृतीयांश, आणि विचारलं, कोण येतं? इतर सगळे खाली बघत होते. मी म्हटलं, हे तर आपलं घरचं आहे. उठले आणि झोकात लिहिलं, दोन पंचमांश. एक आणि एक दोन, दोन आणि तीन पाच. सर वर्गाकडे वळून म्हणाले, "आणखी कुणाकुणाचं हेच उत्तर आलंय?" अगं, जवळपास सगळ्यांचे हात वर. डेल्मरचे तर दोन्ही. सर कपाळाला हात लावून टेबलाच्या कोपऱ्यावर बसले आणि म्हणाले, "या जिल्ह्यात अपूर्णांक शाळेत शिकवतच नाहीत, जिममध्ये शिकवतात." मग माझ्याकडे बघून म्हणाले, "नोरीन, तिकडे तुमचं बरोबर आहे. इकडे चूक आहे." मला राग आला. मी म्हटलं, "सर, बेरीज काय इमारत बघून बदलते?" डेल्मर इतका हसला की त्याला खोकला लागला. सर रागावले नाहीत. म्हणाले, "गुरुवारी या, दाखवतो."

गुरुवारी ते बायकोची मापाची भांडी घेऊन आले. अर्धा कप पाणी एका कपभर मावणाऱ्या बरणीत ओतलं, वरून एक तृतीयांश कप ओतलं, आणि बरणी माझ्यापुढे ठेवली. म्हणाले, "तुमच्या उत्तराप्रमाणे इथे दोन पंचमांश कप पाणी आहे. दोन पंचमांश म्हणजे अर्ध्याहूनही कमी. अर्धा कप तर आधीच होता. त्यात भर घातली आणि कमी झालं? पाणी गेलं कुठे?" टेसा, मी त्या बरणीकडे बघतच राहिले. आयुष्यभर पीठ मापतेय गं मी. अर्ध्या कपात पाव कप घातला की पाऊण होतो, हे माझ्या हाताला ठाऊक आहे. कागदावर आकडे दिसले की मात्र मी उठून थेट जिममध्ये जाऊन बसते. सरांनी मग समजावलं. सामन्यात खालचा आकडा वाढतो, कारण पोरगी आणखी चेंडू फेकते. फेकी वाढतात म्हणून खालचा आकडा वाढतो. कप मात्र एकच असतो, त्याचे फक्त तुकडे पडतात. आधी तुकडे सारख्या मापाचे करायचे आणि मग मोजायचे. अर्ध्याचे तीन षष्ठांश, तृतीयांशाचे दोन षष्ठांश, मिळून पाच. भरत आलेली बरणी समोरच होती.

त्या संध्याकाळी मी घरी येताना रेडिओसुद्धा लावला नाही. पन्नाशी उलटल्यावर एखादी गोष्ट अशी लख्ख कळते, तेव्हा माणूस वेडं होतं. बाबाला मी दारातच धरला आणि हातात बीन्सचा डबा देऊन अर्धा तास समच्छेद समजावला. तो बिचारा बूट काढायचाही थांबला होता. म्हणाला, "नोरीन, मला पटलं, पण मला भूक लागलीय." मी इतकी खूश होते की त्याला दुसऱ्यांदा वाढलं आणि भांडीही मीच घासली. तुला फोन करावासा वाटला होता. केला नाही, कारण त्या आठवड्यात तू आवाजावरून थकलेली वाटत होतीस.

पाढ्यांची वेगळीच कथा. सातच्या पाढ्याशी माझं कधी जमलंच नाही. ते युलाबाईंना कळलं. युलाबाई म्हणजे आमच्या वृद्धाश्रमात मोठ्या खिडकीच्या खोलीतल्या, तुला 'उंच पोरगी' म्हणतात त्या. आयुष्यभर टेलिफोन ऑफिसात तारा जोडल्या, आवाजात अजून हुकूम आहे. मी त्यांना न्हाऊ घालायला गेले की त्या टॉवेल घट्ट धरून विचारणार, "सात आठे?" मी अडखळले की म्हणणार, "छप्पन्न म्हण, नाहीतर मी पाण्यात पाऊल टाकत नाही." एकदा गरम पाणी थंड झालं, पण बाईंनी सात नवे त्रेसष्ट वदवून घेतल्याशिवाय डोकं पुढे केलं नाही. कॉनी दारातून बघून म्हणाली, "इथे कोण कुणाची काळजी घेतंय?" आता मला सातचा पाढा येतो, पण मध्ये साबणाचा वास येतो.

युलाबाईंबरोबरच मी तुमच्या कॉलेजचे सामने बघते, जेवणाच्या सुट्टीत, फोन पाण्याच्या तांब्याला टेकवून. गेल्या आठवड्यातला बाहेरगावचा सामना पाहिला. तुमच्या पोरी हरता हरता जिंकल्या. तुझ्या जागेवर ती लाल केसांची मुलगी खेळली, बरी आहे, पण डावीकडे वळतच नाही. बेंचवर निळी जॅकेटं घालून सगळ्या ओळीने बसल्या होत्या. गुडघ्याला पट्टा बांधलेली ती दुसरी मुलगीही होती, कुबड्या बाजूला टेकवून टाळ्या पिटत होती. युलाबाईंनी डोळे बारीक करून विचारलं, "यातली तुझी कुठली?" मी म्हटलं, "ती आराम करतेय." युलाबाई 'हं' म्हणाल्या. टेलिफोनवर जन्म काढलेल्या बाईचं 'हं' म्हणजे काय असतं ते तुला ठाऊक नाही. मी विषय बदलून त्यांना सफरचंदाचा मोरांबा भरवला.

मग परीक्षा आली. पंचाहत्तर गुण हवे होते. मला भीती अशी नव्हती. अपूर्णांक पाठ, सातचा पाढा पाठ, आणि औषधाच्या मात्रेची गणितं तर मला आवडायलाच लागली होती: एवढ्या वजनाच्या माणसाला एवढं औषध, तर बाटलीतलं किती मापायचं? ती सोडवताना मी मनातल्या मनात आमच्या म्हाताऱ्यांची नावं घालत असे. सकाळी बाबाने अंडी केली आणि ती करपली, पण मी सगळी खाल्ली. वर्गात डेल्मर चांगला शर्ट घालून आला होता. म्हणाला, "हरलो तरी फोटो चांगला यायला हवा."

आता काय झालं ते नीट सांगते. सामन्यात खेळाचा प्रत्येक टप्पा संपला की मी आणि पाहुण्या संघाची गुण लिहिणारी बाई आपापल्या वह्या शेजारी ठेवून आकडे पडताळतो. दोन्हींचा मेळ बसल्याशिवाय मी पुढचा टप्पा सुरू होऊ देत नाही. पंच शिटी हातात धरून उभे राहतात, प्रेक्षक ओरडतात, ओरडू देत. इतकी वर्षं माझ्या वहीवर कुणी बोट ठेवलं नाही ते या एका सवयीमुळे. पेपर हातात आला आणि मी तेच केलं गं. प्रत्येक गणित एकदा केलं, मग कोऱ्या कागदावर पहिलं झाकून पुन्हा केलं, आणि दोन्ही उत्तरं शेजारी ठेवून बघितली. जुळलं की पुढे. नाही जुळलं की तिसऱ्यांदा. मला वाटत होतं, माझं अगदी झकास चाललंय. डेल्मर उठून गेला तेव्हा मला त्याची कीव आली, म्हटलं, घाई केली बिचाऱ्याने. मग सर म्हणाले, "पेनं खाली ठेवा", आणि मी बघते तर माझं शेवटचं पान उलटलेलंही नव्हतं. औषधाच्या मात्रेची सगळी गणितं त्या पानावर होती.

काल प्रुइट सरांनी पेपर दिले. माझा त्यांनी उपडा ठेवला, तेव्हाच कळलं. एकोणसत्तर. वर्ग रिकामा झाल्यावर ते म्हणाले, "नोरीन, तुम्ही हात लावलेलं जवळपास सगळं बरोबर आहे. उरलेल्याला तुम्ही हातच लावला नाहीत." मी गुण वाढवा म्हटलं नाही, त्यांनीही विचारलं नाही. मी कधी कुणाला न टाकलेल्या चेंडूचा गुण लिहिला नाही, मग मी कुठल्या तोंडाने मागू? डेल्मर अठ्ठ्याहत्तर मिळवून पास झाला. त्याने मला मिठी मारली आणि सर्वांदेखत डोळे पुसले, वेडा कुठला. मला त्याचा खराच आनंद झाला. ऑगस्टची यादी मात्र माझ्याशिवाय लागणार. पुढचा नर्सिंगचा वर्ग जानेवारीत, आणि हाच गणिताचा वर्ग पुन्हा येत्या मंगळवारपासून. मी कॉलेजच्या ऑफिसात जाऊन नाव घातलं आणि गाडीत येऊन बसले. मग रडले. पोटभर रडले, उगाच लपवत नाही. तेवढ्यात बाबाचा फोन आला, कुठल्यातरी पेट्रोल पंपावरून. तुला माहीत नसेल, त्याने गॅरेजमधल्या अवजारांच्या पेटीत माझ्यासाठी एक स्टेथोस्कोप आणून लपवलाय. मला चिकटपट्टी शोधताना दिसला आणि मी पेटी तशीच लावून टाकली. त्याने विचारलं, "काय गं, आवाज असा का? लागला का निकाल?" आणि मी म्हटलं, "नाही रे, पुढच्या शुक्रवारी लागणार आहे. पाठ जरा दुखतेय." इतकं सहज, टेसा. मला विचारही करावा लागला नाही.

म्हणून हे पत्र. तुझ्या घोट्याला काहीही झालेलं नाही, हे मला फेब्रुवारीपासून ठाऊक आहे. दुखापत झालेली मुलगी संघाबरोबर जाते आणि जॅकेट घालून बेंचवर बसते. बाहेरगावच्या सामन्याला जिला नेतच नाहीत, तिचा विषय राहिलेला असतो आणि कॉलेजने तिचं खेळणं बंद केलेलं असतं. मी गुण लिहायला बसते बाई, हे मला कुणी सांगावं लागत नाही. डिसेंबरचा निकाल लागला आणि जानेवारीत तुझा घोटा दुखायला लागला. कुठला विषय गेला ते मला माहीत नाही. गणित असेल तर बेरीज तुला मीच शिकवली होती, तेव्हा निम्मी नापास मीच. इतके दिवस मी गप्प होते आणि मनातून रागावलेही होते, की ही मला का सांगत नाही, मी हिला खाणार होते का? काल गाडीत बसून बाबाला पाठ दुखतेय म्हणाले आणि माझा राग गेला. तेव्हा ऐक. माझी पाठ ठीक आहे. मी नापास झाले. हे मी अजून कुणालाच सांगितलेलं नाही, बाबाला नाही, युलाबाईंना नाही, पहिलं तुला सांगतेय. तुमची वसंताची सुट्टी पुढच्या शुक्रवारी लागते. घरी ये. रात्रीच्या जेवणाला मी बीन्स आणि कॉर्नब्रेड करणार आहे आणि बाबा टेबलावर बसला की त्याला सांगणार आहे. तू शेजारी असलीस तर मला धीर येईल. तुझं तुला तेव्हा सांगावंसं वाटलं तर सांग, नाही वाटलं तर गुपचूप जेव, मी एक शब्द काढणार नाही. पण ये. मी आधी सांगते.

तुझीच,
आई